गुंडोपंतांचा सोवळा नळ

नळ दुरुस्त झाला तरी गुंडोपंत लगेच उठत नसत. तोटी घट्ट बंद करायची, तिच्याखाली उताणा तळहात धरायचा आणि डोळे मिटून बसून राहायचं. घरची मंडळी भोवती उभी असत. कुणी मध्येच बोललं, तर पंत डोळे न उघडता दुसरा हात वर करून त्याला गप्प करत. थेंब पडत नाही अशी पुरती खात्री झाली की तो कोरडा हात धोतराला पुसत आणि म्हणत, "सदर प्रकरण निकालात काढण्यात आलं आहे." यातलं वाक्य त्यांना कचेरीनं दिलं होतं आणि हात हुबळीच्या इमामसाबनं.

मी धारवाडला शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा गुंडोपंतांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. त्या वेळी ते कलेक्टर कचेरीत कारकून होते. उंच, किडकिडीत बांधा, डोक्याला चापून बांधलेला रुमाल, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. कचेरीची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरातही ते तिच्यातच बोलत. जेवताना म्हणत, "आमटीत मीठ कमी असल्याचं निदर्शनास आलं आहे." त्यावर त्यांच्या पत्नी गंगाक्का स्वयंपाकघरातून म्हणत, "मग घ्या की हो. मीठ काय वरून मंजूर होऊन यायचंय?" पंतांना यात थट्टा आहे हे कळत नसे. ते गंभीरपणे मीठ वाढून घेत.

पुढं सरकारनं काटकसर करायचं ठरवलं. सरकारच्या काटकसरीची रीत अशी, की साहेबाच्या बंगल्यावर पंखा ओढणारा राहतो आणि कचेरीतला कारकून जातो. त्याप्रमाणे गुंडोपंत गेले. चाळिशी ओलांडलेली, घरात खाणारी तोंडं, आणि सही-शिक्क्याखेरीज हाताला कसलीच सवय नाही. गल्लीनं मात्र सल्ले द्यायला हात आखडता घेतला नाही. कुणी म्हणालं शिकवण्या धरा, कुणी म्हणालं लोकांचे अर्ज लिहून द्या, कुणी म्हणालं कीर्तन करा, आवाज चांगला आहे. आमच्या समोरचे बाळाचार्य तर म्हणाले, "काही करू नका. स्वस्थ नामस्मरण करा." आचार्यांचं घर शिष्यांच्या शिध्यावर चालत असल्यामुळे त्यांना हा मार्ग सोपा वाटणं साहजिक होतं.

याच सुमारास तलावाचं पाणी नळानं घरोघर येऊ लागलं होतं. सकाळी रस्त्यातून 'नीर बंत, नीर!' अशी कानडी आरोळी उठली की सारी गल्ली घागरी घेऊन अंगणात धावे. नळ आले, पण नळ दुरुस्त करणारं कुणी आलं नाही. हुबळीहून एखादा फिटर यायचा, तोही मनात आलं तर. शिवाय आमच्या गल्लीत त्याला अंगणातसुद्धा पाऊल टाकू देत नसत. त्यामुळे तोट्या चिंध्यांनी बांधलेल्या असत आणि त्या चिंध्यांतून दिवसभर पाणी ठिबके.

एका सकाळी गंगाक्कांनी चिंधी पिळता पिळता निकाल दिला. "अहो, हे नळाचंच शिका की. अर्ज काय, माणूस वर्षातनं एकदा लिहून घेतंय. नळ रोज गळतंय."

तिसऱ्या दिवशी पंत कोट घालून सकाळच्या गाडीनं हुबळीला गेले. विचारणाऱ्याला म्हणाले, "खास कामगिरीवर जात आहे."

ही कामगिरी वर्षभर चालली. रेल्वेच्या वर्कशॉपातून सुटलेला इमामसाब नावाचा म्हातारा फिटर स्टेशनाजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करी. पंत त्याच्याकडे उमेदवारी करत होते. एकदा शाळेच्या कामासाठी मी त्यांच्याबरोबर त्याच गाडीत होतो. धारवाड सुटलं तेव्हा समोर पंत रुमाल-कोटातले कारकून होऊन बसले होते. वाटेत अमरगोळला गाडी थांबली तसे ते उठले. त्यांनी रुमाल सोडून नीट घडी घातला, कोट काढला, दोन्ही पिशवीत ठेवलं आणि आतून तेलकट बंडी काढून अंगात चढवली. हुबळीला उतरला तो फिटरचा उमेदवार. संध्याकाळी परतताना अमरगोळलाच त्याचा पुन्हा कारकून होई. माझ्याकडे वळून पंत म्हणाले, "मास्तर, हद्द अमरगोळची ठरवली आहे. कुठंतरी ठरवावीच लागते."

मी हसलो, पण मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. धारवाड ते हुबळी म्हणजे अंतर ते किती, आणि तेवढ्यात रोज दोनदा कात टाकायची.

इमामसाबची शिकवण्याची तऱ्हा साधी होती. तो पाईपाला आटे पाडायला लावी आणि चुकले की तो तुकडा बाजूला फेकून दुसरा देई. पंत विचारत, "पण या आट्यांबाबत काही खुलासा होईल का?" इमामसाब विडी न काढता म्हणे, "पंत, खुलासा मुंह से नक्को. पाने से करो." विनाखुलासा काम करायची पंतांवर आयुष्यात पहिल्यांदाच वेळ आली होती, आणि ती त्यांना फार जड गेली.

अखेर एक दिवस धारवाड स्टेशनावर ते बंडीतच उतरले. खांद्यावर पाना होता, डोक्यावर मात्र रुमाल चापून बांधलेला. गल्लीतून चालत घरी आले आणि मला म्हणाले, "हद्द रद्द केली."

त्यांचं पहिलं काम शेजारच्या वकिलांकडे निघालं. पंतांनी आधी तोटीला हात लावलाच नाही. पाटावर बसून वकिलीणबाईंची जबानी घेतली. "गळती प्रथम कुणाच्या निदर्शनास आली?"

"माझ्याच की."

"त्या वेळी आपण कुठं होता?"

"अंगणातल्या मोरीत, भांडी घासायला बसलेली. आणि कुठं असणार?"

"गळती अखंड आहे की खंडित?"

"अहो गुंडण्णा, तुमच्या धोतराखालनं पाणी जायलंय बघा की!" पंतांनी खाली पाहिलं आणि जबानी आटोपती घेतली.

खरं सांगायचं तर पंतांचा हात काही फार सफाईचा नव्हता. एक सांधा आवळला की पुढचा सुटे. पण यजमानानं तक्रार केली तर ते शांतपणे म्हणत, "गळती बंद झालेली नाही, हे मान्य. तिची बदली झाली आहे." मग ते बदलीच्या जागी जात, तिथून तिसऱ्या, आणि असं करत करत संध्याकाळपर्यंत ती रस्त्यावर काढत. एक मात्र होतं. गळती राहिली असताना ते कुणाच्या घरून उठून गेले, असं कधी घडलं नाही. गल्लीतल्या बायका त्यांना मानू लागल्या त्या यामुळेच.

आणि पोरंसोरं त्यांना नळराजा म्हणू लागली. गंगाक्का आपोआपच दमयंती झाल्या.

तरीही नळ अंगणातच होता. स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता, आणि त्याचं कारण फिटर नव्हे, तर तोटीच्या पोटातली एक चकती. तिला वायसर म्हणतात. ती चामड्याची असते आणि पाणी अडवायचं काम तीच करते. देवाच्या पूजेचं, सोवळ्याच्या स्वयंपाकाचं पाणी चामड्याला लागून यायचं म्हणजे काय! म्हणून घरोघरच्या बायका अंगणातल्या आडातून पाणी शेंदत, ओलेत्यानं घागरी आत नेत, आणि त्यांची कंबर मोडत असे. आचार्यांच्या पत्नी राधाक्का तर वाकूनच चालू लागल्या होत्या. त्यांच्या कमरेवर शास्त्रात काही सांगितलेलं नसल्यामुळे आचार्यांनी त्याचा कधी विचार केला नव्हता.

तोडगा काढला गुंडोपंतांनी. त्यांच्या वडिलांचं एक मृगाजिन होतं, संध्येला बसायचं. हरणाचं कातडं पवित्रच. मुंजीत बटूला देतात, ऋषी त्याच्यावर बसतात. पंतांनी आचार्यांपुढे जाऊन विचारलं, "चर्म ते सर्वच वर्ज्य, की मृगाजिनास अपवाद आहे?" आचार्यांनी पोथ्या चाळल्या. मृगाजिनाला दोष सापडेना. वायसराचा तर पोथ्यांत पत्ताच नव्हता. चौथ्या दिवशी त्यांनी मान डोलावली, आणि गुंडोपंतांनी घरातली कात्री घेऊन वडिलांच्या आसनाच्या कडेचा पहिला तुकडा कापला.

धारवाडात सोवळा नळ आला तो असा. आधी आचार्यांच्या स्वयंपाकघरात, मग वकिलांच्या, मग सगळ्या गल्लीत. राधाक्कांनी पहिल्यांदा चुलीजवळ उभं राहून तोटी फिरवली तेव्हा त्या नुसत्या पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या.

मृगाजिन पवित्र असलं तरी वायसर म्हणून अगदीच कुचकामाचं. इमामसाबनं सांगितलं होतं, "हिरन का चमडा है, पानी में सडेगा." ते सडे. दर काही महिन्यांनी पंत घरोघर फिरून नवे तुकडे घालत. मी सकाळी माझ्या खोलीतून त्यांची संध्या पाहायचो. आधी ते आसनावर ऐसपैस मांडी घालून बसत. मग मांडीचे गुडघे बाहेर आले. मग आसन असं काही उरलंच नाही. गल्लीचं सोवळं राखता राखता त्यांच्या बुडाखाली जमीन आली.

एवढं करून त्यांना काय मिळालं, ते पुढच्या रामनवमीला कळलं. आचार्यांच्या घरी उत्सव असे आणि साऱ्या गल्लीची पंगत बसे. पंतांच्या वडिलांची जागा तिथे ठरलेली होती, आचार्यांच्या उजवीकडे तिसरी. वडिलांमागून ती पंतांची झाली. नोकरी गेली, कोट गेला, तरी ती जागा होती, आणि वर्षातून एकदा तिथे बसलं की आपण अजून तेच आहोत असं त्यांना वाटे. हे त्यांनी मला एकदा सरळच सांगितलं होतं. त्या वर्षी ते नेहमीप्रमाणे सोवळं नेसून गेले, तर तिथे दुसऱ्याच कुणाचं पान. आचार्य मऊ आवाजात म्हणाले, "पंत, तुमचं पान पडवीत मांडलंय. तुम्ही लोकांच्या मोऱ्यांत हात घालताय. इमामसाबच्या शेडात वर्ष काढलंत. पंक्तीला बरं दिसत नाही."

पंत उभेच राहिले. म्हणाले, "माझा हात विटाळलेला असेल, तर त्या हातानं बसवलेल्या नळाचं पाणी आपण सर्वांनी प्यालेलं आहे. मग आपलं पान कुठं मांडायचं?"

वकीलसाहेब वर आढ्याकडे पाहू लागले. आचार्यांनी मात्र फार वेळ घेतला नाही. "वाहत्या पाण्याला दोष नाही," ते म्हणाले.

म्हणजे पंतांच्या हातून आलेलं पाणी शुद्ध, आणि पंत तेवढे अशुद्ध. इतकी नेमकी वाटणी कचेरीतही कुणाला जमली नसती. मला त्या क्षणी आचार्यांचा विलक्षण राग आला. पंत पडवीकडे गेले नाहीत. तसेच घरी आले, आणि त्या दिवशी घरात कुणीच जेवलं नाही.

पंतांनी भांडण केलं नाही, फक्त सहकार्य केलं. आचार्यांच्या नळाचं वायसर सडलं तेव्हा त्यांनी बोलावणं पाठवलं. पंत दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहिले. "आत यायचं धाडस होत नाही. मोरीतला हात आहे. आपल्या स्वयंपाकघराला बाध येईल."

"अहो, तसं काही नाही..."

"निर्णय आपलाच आहे. तो फिरवण्याचा मला अधिकार नाही."

तोटीला चिंधी बांधली गेली. काही दिवसांनी चिंधीही पुरेना, तेव्हा नळच बंद करावा लागला. राधाक्का पुन्हा आडावर आल्या. त्या उन्हाळ्यात आड पार तळाला गेला होता आणि दोर ओढता ओढता त्या खाली बसत. असं किती दिवस चाललं कोण जाणे, पण पुढच्या रामनवमीच्या आधी एका सकाळी त्यांनी रिकामी घागर आणून आचार्यांच्या पूजेसमोर आदळली. आमच्या घरापर्यंत ऐकू आलं.

"गुंडण्णाचं पान पंक्तीला मांडणार का तुम्ही शेंदणार? एक काय ते आत्ता सांगा!"

आचार्यांनी पोथी न चाळताच निर्णय फिरवला. शास्त्र इतकं लवचिक असतं हे मला तेव्हा समजलं.

रामनवमीच्या आदल्या दिवशी पंत आचार्यांच्या स्वयंपाकघरात गेले. मृगाजिनाचा शेवटचा, तळहाताएवढा तुकडा उरला होता. जुना, झिजलेला, मधे पातळ झालेला. वडील नेमके बसत ती जागा. त्यातून एक वायसर कसंबसं निघालं, ते त्यांनी घातलं.

दुसऱ्या दिवशी पंत पंक्तीला बसले. उजवीकडे, तिसरे. मी समोरच्या ओळीत होतो. कपाळाला गंध, नेसायला वडिलांचा रेशमी मुकटा, आणि चेहऱ्यावर असं समाधान की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. आपोशन झालं, वरणभात झाला. मग मांडे आले. राधाक्कांच्या हातचे मांडे म्हणजे त्या पंगतीचं खरं कारण. ते दुधात कुस्करायला सगळ्यांनी हात घातला, आणि पंतांचा हात थांबला.

आतून पाण्याचा आवाज येत होता. आम्हा सगळ्यांनाच येत होता, पण आम्ही मांडे खात होतो. पंतांनी मान तिरकी केली. आत कुणीतरी तोटी फिरवत होतं, उलटसुलट, आणि पाणी थांबत नव्हतं. पंतांनी आचार्यांकडे पाहिलं. मग पुढ्यातल्या पानाकडे पाहिलं.

पंगतीतून मध्येच कुणी उठायचं नसतं. एक उठला की पंगत मोडते, मग बाकीच्यांनाही हात आवरावा लागतो. ज्या जागेसाठी त्यांनी वर्ष काढलं, तिच्यावर त्यांना नुसतं आणखी थोडा वेळ बसून राहायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बसा पंत, बसा. पाणी काय, जाईल वाहून.

पंत उठले.

"पंत!" आचार्य ओरडले. पण पंत उष्ट्या हातानं बाहेर पळाले, रस्त्याकडची साऱ्या गल्लीच्या पाण्याची चावी पिळून बंद केली आणि तसेच स्वयंपाकघरात शिरले. मागोमाग पंगत उठली. उठणं भागच होतं. चाळीस-पन्नास माणसं, कोपरापर्यंत दूध ओघळलेलं, अर्धवट मांड्यांकडे मागे वळून पाहत मोरीच्या दाराशी हात धुवायला गोळा झाली. नळाला पाणी नव्हतं. आडात पाणी नव्हतं. घागरी भरलेल्या होत्या, पण राधाक्का त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "हे बायकांच्या पंगतीचं सोवळ्याचं पाणी. उष्ट्याला मिळायचं नाही."

पंत ओलेचिंब होऊन नळापाशी उकिडवे बसले होते. गंगाक्कांनी घरून त्यांची पिशवी आणून दिली. त्यांनी तोटी उघडली आणि बोटानं आतलं वायसर काढलं. एका दिवसातच त्याचा काळा, बुळबुळीत लगदा झाला होता. तो त्यांनी तळहातावर घेतला आणि आचार्यांना दाखवला.

"वडिलांचं आसन इथं संपलं," ते म्हणाले. मग पिशवीतून एक गोल, जाड चकती काढून दोन बोटांत वर धरली. "हे इमामसाबकडचं. म्हशीचं आहे. घालावं किंवा कसं, आपला हुकूम व्हावा."

वकीलसाहेब पुन्हा आढ्याकडे पाहू लागले. आचार्यांनी म्हशीच्या त्या चकतीकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. दूध आता वाळायला लागलं होतं आणि माशा येत होत्या. त्यांच्या मागे तशाच हातांची सारी गल्ली उभी होती.

"वाहत्या पाण्याला," आचार्य खाली बघून म्हणाले, "दोष नाही. घाला."

पंतांनी वायसर घातलं, तोटी आवळली, कुणीतरी रस्त्यावरची चावी सोडली. सगळ्यांनी रांगेनं हात धुतले. आचार्यांनी आधी धुतले. त्यांना घाई होती. पुरुषांची पंगत काही पुन्हा बसवता आली नाही, आणि जाता जाता जो तो पंतांना शिव्या देत होता. पंतांच्या पानावरचा मांडा कावळ्यांनी नेला.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि मी धारवाड सोडलं. त्यामुळे पंत म्हटलं की मला त्या दिवशीचेच आठवतात. सगळे गेल्यावर मी छत्री विसरलो म्हणून परत गेलो, तर आत बायकांची पंगत बसत होती. राधाक्कांनी चुलीजवळ, जिथे आचार्यही जेवायला बसत नसत, तिथे एक पान मांडलं होतं. पंत संकोचून उभे होते.

"बसा की हो गुंडण्णा," राधाक्का म्हणाल्या. "ओलेत्यानं आहात, म्हणजे सोवळ्यातच की."

पंत बसले, ते नळाकडे तोंड करून. राधाक्कांनी मांडा वाढला, वर दूध घातलं. पंतांनी उजव्या हातानं पहिला घास घेतला. डावा हात उताणा करून तोटीखाली धरला आणि डोळे मिटून घेतले. मी काही बोलणार होतो, पण बायकांनीच हात वर करून मला गप्प केलं.